पाण्यावरच्या घरी पाहुणा कसा पोहोचतो?

अंबरनाथ / प्रतिनिधी

अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगर ओलांडते आणि कल्याणजवळ उल्हास नदीच्या खाडीला मिळते. शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेल्या या मंदिराच्या आवारातून आज नदीकडे पाहिले, तर सांडपाण्याने काळवंडलेला एक अरुंद प्रवाह तेवढा दिसतो. याच पाण्याच्या वाटेवर, येथून काही किलोमीटरवर, एके काळी कल्याणचे नामांकित बंदर होते. शिवाजी महाराजांच्या आरमाराच्या पहिल्या नौका कल्याण-भिवंडीच्या खाडीत बांधल्या गेल्या, हा इतिहासही याच पाण्याचा.

हे पाणी आता पुन्हा वाहतुकीच्या नकाशावर आले आहे. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातील १११ जलमार्ग निश्चित केले. त्यात कल्याण-ठाणे-मुंबई हा १४५ किलोमीटरचा मार्ग ५३ व्या क्रमांकावर आहे. वसई आणि भाईंदर यांच्या दरम्यान फेब्रुवारी २०२४ मध्ये रो-रो सेवा सुरू झाली. भाईंदर, कोलशेत, काल्हेर आणि डोंबिवली येथील जेट्ट्यांची चर्चा गेली काही वर्षे सुरू आहे. लोकलच्या गर्दीने त्रासलेल्या प्रवाशाला या चर्चेत एकच प्रश्न पडतो, तो म्हणजे बोटीने किती मिनिटांत पोहोचता येईल.

या चर्चेत एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. नदी, खाडी किंवा कालव्यातील बोट हेच ज्यांचे राहण्याचे ठिकाण असते, त्यांचा दिवस कसा जातो? त्यांच्या घरी पाहुणे येतात का, आणि आले तर कसे? काश्मीर किंवा केरळमधील हाऊसबोटीत दोन रात्री काढलेल्या पर्यटकाला याचे उत्तर मिळत नाही, कारण तेथे तो स्वतःच पाहुणा असतो आणि त्याच्या सोयीसाठी सर्व मांडलेले असते. बोटीवर राहणाऱ्याचे खरे जिणे समजून घ्यायचे, तर त्याच्याकडे त्याची आई, बहीण किंवा मुले भेटायला येऊ शकतात का, हे पाहावे लागते. ज्या ठिकाणी आपली माणसे येऊ शकत नाहीत, ते ठिकाण घर होत नाही. ते कामाची जागा एवढेच राहते.

खाडीच्या मुखाशी

उल्हास नदीचे पाणी वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. या मुखाच्या दोन्ही बाजूंना, उत्तन आणि वसईच्या किनाऱ्यावर, कोळी बांधवांच्या मासेमारी नौका उभ्या असतात. खोल समुद्रात जाणारी नौका बर्फ, डिझेल, पिण्याचे पाणी आणि शिधा भरून निघते आणि कित्येक दिवसांनी परतते. तेवढा काळ तांडेल आणि खलाशी यांचे जेवणखाण व झोप नौकेवरच होते. कुटुंबाची भेट होते ती धक्क्यावर, मासळी उतरवण्याच्या घाईत. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात मात्र नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि घरे भरलेली असतात. लग्नांच्या बोलण्यांपासून जाळ्यांच्या दुरुस्तीपर्यंत सर्व कामे या दिवसांत उरकायची असतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करण्याच्या विधीत उत्सव असतो, तसा निरोपही असतो.

खाडीच्या आतल्या भागात रेती काढणाऱ्या बोटी आणि बार्ज असतात. बेकायदा उपशावरील कारवाईच्या बातम्यांतून जप्त झालेले बार्ज आणि तोडलेले सक्शन पंप वाचकांना परिचित आहेत. या बोटींवर राबणारे मजूर बातमीत सहसा येत नाहीत. पोटासाठी दूरच्या गावांतून आलेल्या अशा मजुराकडे त्याच्या घरचे कोणी खाडीत भेटायला येण्याची कल्पनाही करता येत नाही.

या दोन्ही उदाहरणांत बोटीवर राहणे हे कामाचे अंग आहे. कालव्यातील बोटीवरील वास्तव्याचे आपल्या परिसरातील सर्वांत जवळचे उदाहरण पाहायचे, तर ठाणे जिल्ह्यातून दक्षिणेला गोव्याकडे वळावे लागते.

कुंभारजुव्याचा कालवा

गोव्यातील मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना कुंभारजुव्याचा कालवा जोडतो. तिसवाडी आणि फोंडा या तालुक्यांच्या मधून, खारफुटीच्या दाट राईतून तो जातो. राष्ट्रीय जलमार्गांच्या यादीत तो २७ व्या क्रमांकावर असून त्याची लांबी १७ किलोमीटर आहे. कल्याणचा जलमार्ग आणि हा कालवा असे एकाच कायद्याच्या यादीतील शेजारी आहेत.

या कालव्याचे महत्त्व लोहखनिजामुळे वाढले. खाणींतून निघालेले खनिज ट्रकने नदीकाठच्या जेट्टीवर येई, तेथे बार्जमध्ये भरले जाई आणि नदीमार्गे मुरगाव बंदरात किंवा समुद्रात नांगरलेल्या मोठ्या जहाजाकडे जाई. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळच्या वाळूच्या दांड्यामुळे समुद्रात जाण्याची वाट धोक्याची होते. त्या महिन्यांत मांडवीतील बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरत आणि तेथून मुरगाव गाठत.

बार्जचा बहुतेक सर्व भाग खनिजाने भरण्याच्या पोकळीने व्यापलेला असतो. मागच्या टोकाला सुकाणूची केबिन, इंजिन आणि कामगारांच्या राहण्याची जागा असते. सारंग, इंजिन चालवणारा आणि खलाशी यांचा संसार या मागच्या भागातच. गोड्या पाण्याची टाकी भरून घ्यावी लागते, कारण खाडीचे पाणी खारट असते. कालव्यात मगरींची वस्ती असल्याने बोटीच्या कडेला बसून पाण्यात पाय सोडण्याचे सुखही येथे नाही. या मगरीला काठावरची गावे परकी मानत नाहीत. फोंडा तालुक्यातील दुर्भाट परिसरात पौष महिन्यात चिखलाची मगर घडवून तिची पूजा करण्याची प्रथा आहे. बांध आणि शेते यांची राखण तिने करावी, अशी त्यामागची भावना सांगितली जाते.

काठावरच्या लोकांसाठी हा कालवा उत्सवाचाही आहे. गणेशोत्सवात सातव्या दिवशी कुंभारजुवे येथे सांगोड साजरा होतो. होड्या एकमेकींना बांधून त्यावर देखावे उभारले जातात आणि ते पाहण्यासाठी काठावर मोठी गर्दी लोटते. सासरी गेलेल्या लेकी, मुंबईला नोकरीला असलेले भाऊ अशी सारी मंडळी त्या दिवशी पाण्याच्या कडेला जमतात. पाणी माणसांना एकत्र आणते, ते असे. बार्जवरच्या कामगाराला मात्र हेच पाणी आपल्या माणसांपासून दूर ठेवते.

भरतीवर चालणारे घड्याळ

याचे कारण भरती-ओहोटीच्या गणितात आहे. भरलेल्या बार्जला पुरेशी खोली हवी असते आणि ती भरतीच्या वेळी मिळते. दिवसातून दोनदा भरती येते, पण तिची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा कोकणातील जुना ठोकताळा. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. आज सकाळी सहाला निघालेली बोट आठवड्याने त्याच वेळी निघू शकत नाही. बोटीवरच्या माणसाचा दिवस त्यामुळे सूर्यापेक्षा चंद्राच्या हिशेबाने चालतो.

कुटुंबाचा दिवस मात्र शाळेच्या घंटेने आणि कार्यालयाच्या वेळेने चालतो. रविवारी सकाळी मुले मोकळी असतात, तेव्हा बोट नदीच्या मध्यावर असते. बोट जेट्टीला लागते ती मध्यरात्री. शिवाय खनिज भरण्याची जेट्टी हे औद्योगिक ठिकाण. तेथे ट्रकची रांग, लाल धूळ आणि अवजड यंत्रे. तेथे बसायला बाक नाही, की मुलांना घेऊन उभे राहण्यासारखी जागा नाही. मोबाइल आल्यानंतर बोलणे सोपे झाले. भेटणे पूर्वीइतकेच अवघड राहिले.

या कहाणीला २०१२ मध्ये वेगळे वळण लागले. न्या. एम. बी. शहा आयोगाच्या अहवालानंतर राज्य सरकारने सप्टेंबर २०१२ मध्ये खाणकाम थांबवले आणि त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाचा बंदीचा आदेश आला. २१ एप्रिल २०१४ रोजी न्यायालयाने अटींसह ही बंदी उठवली. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चमध्ये काम पुन्हा बंद पडले. बार्ज नद्यांत नांगर टाकून ओळीने उभ्या राहिल्या. लिलाव झालेल्या पहिल्या खाणपट्ट्यातून पुन्हा उत्पादन सुरू होण्यास २०२४ साल उजाडले.

खाणींनी केलेली पर्यावरणाची हानी खरी आहे आणि न्यायालयाच्या निर्णयामागे ती कारणेही होती. पण बार्जवरील कामगाराच्या घरात या निर्णयाचा अर्थ वेगळा लागला. जो माणूस सणाला मिळेल की नाही याची शाश्वती नसे, तो आता रोज घरात होता. ज्या भेटीसाठी घरच्यांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली, ती पगार थांबल्यावर मिळाली.

सात फूट रुंदीचा संसार

घर आणि काम यांच्या या ताटातुटीवर इंग्लंडमधील कालव्यांवर एक वेगळाच तोडगा निघाला होता. तेथे कामगाराने कुटुंबच बोटीवर आणले.

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कोळसा, माती आणि कारखान्यांचा माल वाहण्यासाठी कालव्यांचे जाळे खणले गेले. चढ-उतार पार करण्यासाठी ठिकठिकाणी जलपाश, म्हणजेच लॉक, बांधले गेले. दोन दरवाजांमधील कोठडीत बोट घ्यायची, पाणी भरून ती वर उचलायची किंवा पाणी सोडून खाली उतरवायची, अशी ही रचना. अनेक जलपाशांची रुंदी जेमतेम सात फूट ठेवली गेल्याने तेथील बोटीही तेवढ्याच अरुंद झाल्या. रुंदी सहा फूट दहा इंच आणि लांबी सत्तर फुटांच्या आसपास, असे त्यांचे माप आजही टिकून आहे.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि बोटवाल्यांचे दर कोसळले. भाड्याचे घर परवडेना आणि मदतनीसाची मजुरीही परवडेना. तेव्हा बायको-मुले बोटीवर आली. घरभाडे वाचले आणि बिनपगारी हातही मिळाले. बोटीचा बाकीचा भाग मालासाठी राखून ठेवल्याने कुटुंबाच्या वाट्याला सुमारे दहा फूट लांब आणि सात फूट रुंद अशी एक खोली येई. दाराशी लोखंडी शेगडी, कपाटाचे दार खाली पाडले की होणारे टेबल, रात्री आडवी पाडून दिवसा मिटवायची खाट. भिंतींवर गुलाबांची आणि किल्ल्यांची रंगीत चित्रे, लखलखीत पितळ आणि जाळीदार पडदे. गिरणगावातील दहा बाय दहाच्या खोलीत संसार केलेल्या पिढीला ही मांडणी अनोळखी वाटू नये.

या कुटुंबांच्या भेटीगाठी कालव्यावरच होत. माल मिळण्याची वाट पाहत बोटी एकत्र थांबत, अशी काही ठिकाणे होती. कॉव्हेंट्रीजवळचे हॉक्सबरी जंक्शन हे त्यांतले प्रसिद्ध. नॉर्थॅम्प्टनशरमधील ब्राऊनस्टन गावच्या चर्चमध्ये अनेक बोटवाल्या कुटुंबांची लग्ने लागली आणि तेथेच त्यांची दफनेही झाली. नातेवाईक तेही बोटीवर, आपणही बोटीवर, त्यामुळे कोण कोठे आहे याची बातमी समोरून येणाऱ्या बोटीकडून कळे.

मुलांचे मात्र नुकसान झाले. आज या गावात, उद्या पुढच्या गावात असलेल्या मुलाला कोणतीही शाळा आपले मानत नसे. जॉर्ज स्मिथ या समाजसुधारकाने हा विषय लावून धरल्यानंतर १८७७ मध्ये आणि पुन्हा १८८४ मध्ये कालव्यावरील बोटींसंबंधी कायदे झाले. बोटीची राहण्याचे ठिकाण म्हणून नोंदणी, किती माणसांनी राहावे यावर मर्यादा आणि मुलांचे शिक्षण यांचा त्यात समावेश होता. तरीही बोटवाल्यांच्या कित्येक पिढ्या निरक्षर राहिल्या. १९४८ मध्ये कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९६२-६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठून राहिले आणि आधीच खंगलेली मालवाहतूक जवळपास संपली.

बादलीचा हिशेब

कालवे मात्र उरले. १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एल. टी. सी. रोल्ट यांच्या ‘नॅरो बोट’ या पुस्तकाने त्यांच्याकडे लक्ष वेधले आणि ते जपण्याची चळवळ उभी राहिली. आज इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे दोन हजार मैल लांबीचे कालवे आणि नद्या ‘कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट’ ही संस्था २०१२ पासून सांभाळते. तेथे सुमारे ३५ हजार परवानाधारक बोटी आहेत. त्यांतल्या अनेक बोटी सुटीपुरत्या वापरल्या जातात, तर हजारो लोकांचे त्या कायमचे घर आहेत. लंडनमधील घरांच्या किमती आणि भाडी पाहता, बोटीकडे वळणाऱ्यांत हौसेइतकीच निकडही असते.

आता मालाची जागाही राहण्यासाठी मिळाल्याने बोट ऐसपैस झाली आहे, तरी लांबलचक बोळातच स्वयंपाकघर, बैठक, न्हाणीघर आणि झोपण्याची खोली एकामागे एक मांडलेली असते. दोन माणसे समोरासमोर आली, तर एकाला अंग चोरावे लागते.

नळाला पाणी येते, पण ते बोटीच्या पुढच्या भागातील टाकीतून. काहीशे लिटरची ही टाकी संपत आली की कालव्याकाठच्या ठरावीक नळापर्यंत बोट न्यावी लागते. वीज येते ती बॅटऱ्यांतून. छतावरील सौरपट्ट्या उन्हाळ्यात ती भरून देतात. हिवाळ्यात सूर्य चारच्या सुमारास मावळतो आणि मग इंजिन चालवून बॅटऱ्या भराव्या लागतात. शेजारच्या बोटींना त्रास नको म्हणून रात्री आठ ते सकाळी आठ या वेळेत इंजिन चालवू नये, असा नियम आहे. ऊब मिळते ती कोळसा किंवा लाकडे जाळणाऱ्या शेगडीतून. बंद जागेत शेगडीचा विषारी वायू साठून जीव जाऊ शकतो, म्हणून कार्बन मोनॉक्साईडची सूचना देणारे यंत्र २०१९ पासून बंधनकारक आहे. दर चार वर्षांनी बोटीची सुरक्षा तपासणीही करून घ्यावी लागते.

शौचालयाची व्यवस्था हा बोटवाल्यांच्या गप्पांमधील हमखास विषय. काही बोटींत मोठी टाकी असते आणि ती पैसे मोजून यंत्राने उपसून घ्यावी लागते. इतर बोटींत सुमारे वीस लिटरची डबेवजा पेटी असते. ती भरली की हाताने उचलून नेऊन ठरलेल्या ठिकाणी रिकामी करायची. घरातील प्रत्येक गोष्ट किती लागते आणि वापरून झाल्यावर कोठे जाते, याचा हिशेब बोटीवर राहणाऱ्याला रोज मांडावा लागतो.

पाहुणे येणार म्हणजे

पाहुणे येणार म्हटले की हा सारा हिशेब बदलतो. दोघांना आठवडाभर पुरणारे पाणी चौघांना जेमतेम साडेतीन दिवस पुरते. शौचालयाची पेटी दुप्पट वेगाने भरते. म्हणून पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी बोट नळापाशी नेऊन टाकी काठोकाठ भरणे, पेटी रिकामी करणे, कोळशाची पोती आणि गॅसची टाकी आणून ठेवणे ही यजमानाची पहिली तयारी. बदलापूर-अंबरनाथकडे टँकरची वाट पाहिलेल्या आणि एका बादलीत अंघोळ उरकण्याची सवय असलेल्या आई-वडिलांना या घरात रुळायला वेळ लागू नये. अडचण होते ती पंधरा मिनिटे शॉवरखाली उभ्या राहणाऱ्या तरुण पाहुण्यांची.

दुसरा प्रश्न पत्त्याचा. बोट आज जेथे आहे तेथे पुढच्या पंधरवड्यात असेलच असे नाही. त्यामुळे यजमान पाहुण्याला रस्त्याचे नाव सांगत नाही. जवळचे रेल्वे स्थानक, पुलाचा क्रमांक आणि पुलाच्या कोणत्या बाजूला किती पावले, अशी खूण तो सांगतो. कालव्यावरील बहुतेक प्रत्येक पुलावर क्रमांकाची पाटी असते, ती येथे पत्त्याचे काम करते. काठावरच्या चिखलवाटेवरून चाके असलेली मोठी बॅग ओढत नेणे कठीण. नेली तरी ती ठेवायला बोटीत जागा नसते. म्हणून घडी घालता येणारी कापडी पिशवी आणावी, असे यजमान आधीच सांगून ठेवतो.

बोटीत पाऊल टाकताना काठ आणि बोट यांच्यामधली फट ओलांडावी लागते, तेव्हा बोट किंचित हलते. गुडघेदुखी असलेल्या वडीलधाऱ्यांसाठी हा सर्वांत अवघड क्षण. पावसाने निसरडे झालेले लोखंड आणि दोन-तीन उतरत्या पायऱ्या ही त्यांच्या भेटीआड येणारी खरी अडचण ठरते. ज्यांचे आई-वडील थकले आहेत, ते म्हणूनच अनेकदा स्वतःच त्यांच्याकडे जाणे पसंत करतात. लहान मुलांना डेकवर असताना तरंगते जाकीट घालण्याची सक्ती घरोघरी असते. रात्री जेवणाचे टेबल खाली सरकवून त्यावर गाद्या टाकल्या की पाहुण्यांची खाट तयार होते. सकाळी ती मोडल्याशिवाय चहा मांडता येत नाही.

या गैरसोयींबरोबर एक गोष्ट अशी मिळते, जी इमारतीतील घरात मिळत नाही. बोट हलवण्याच्या दिवशी पाहुणा हा पाहुणा राहत नाही. एकाने सुकाणू धरायचे, दुसऱ्याने पुढे चालत जाऊन जलपाशाचे जड दरवाजे पाठीने ढकलायचे, तिसऱ्याने दोर सांभाळायचा. ताशी चार मैलांच्या मर्यादेमुळे बोटीचा वेग पायी चालणाऱ्याइतकाच असतो. आजोबा काठावरून चालत आहेत आणि नातवंडे बोटीतून त्यांच्याशी बोलत आहेत, असे दृश्य कालव्यावर सहज दिसते. घाईच्या जगात नातेवाइकांना एकमेकांबरोबर इतका सलग वेळ क्वचितच मिळतो.

चौदा दिवसांचा नियम

काठावर कायमची जागा भाड्याने घेतलेल्या बोटवाल्याला पत्ता मिळतो. अशी जागा महाग आणि दुर्मीळ असल्याने अनेकांकडे ती नसते. १९९५ च्या कायद्यानुसार कायमची जागा नसलेल्या बोटीला एका ठिकाणी सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. आजारपण, बोटीतील बिघाड किंवा गोठलेला कालवा अशा कारणांसाठी सवलत मिळते. वर्षभर दोन-तीन पुलांच्या मध्येच घुटमळणाऱ्या बोटीला परवान्याच्या नूतनीकरणात अडचण येऊ शकते. एप्रिल २०२४ पासून कायमची जागा नसलेल्या बोटींना परवान्यासाठी अधिभारही द्यावा लागतो. त्यावरून संस्था आणि बोटवाले यांच्यात मतभेद आहेत. कालव्यांची दुरुस्ती खर्चिक आहे आणि जागा सर्वांची आहे, असे संस्था म्हणते. सर्वांत कमी साधने असलेल्यांवरच हा भार पडतो, असे बोटवाल्यांचे म्हणणे.

शाळेत जाणारे मूल असलेल्या कुटुंबाला या नियमाची झळ सर्वाधिक बसते. शाळा एका जागी आणि घर दर पंधरवड्याला पुढे सरकणारे. टपालासाठी नातेवाइकांचा पत्ता द्यावा लागतो. कायमचा पत्ता नाही म्हणून डॉक्टरकडील नोंदणी नाकारता येत नाही आणि स्थानिक संबंधाचे निवेदन देऊन मतदार म्हणून नावही नोंदवता येते, ही तेथील जमेची बाजू. दीडशे वर्षांपूर्वी बोटीवरील मुलांना जे मिळाले नाही, त्यातले काही आज कायद्याने मिळते. उरलेल्यासाठी भांडण चालू आहे.

काठाची जबाबदारी

गोव्यातील बार्ज आणि इंग्लंडमधील अरुंद बोट यांची तुलना तंतोतंत होऊ शकत नाही. एक कामाची जागा, तर दुसरे स्वतःहून निवडलेले किंवा नाइलाजाने पत्करलेले घर. तरीही दोन्हींतून एक गोष्ट स्पष्ट होते. बोटीवरील जिणे सुसह्य होते की नाही, हे बोटीपेक्षा काठावर जास्त अवलंबून असते. पिण्याच्या पाण्याचा नळ, मैला रिकामा करण्याची जागा, न घसरता उतरता येईल असा धक्का, रात्रीचा दिवा आणि त्या ठिकाणाला एखादा क्रमांक. एवढे असले, तर पाहुणा पोहोचू शकतो. नसले, तर बोटीवरचा माणूस काठाच्या दहा हातांवर असूनही परगावी असल्यासारखाच राहतो.

कल्याणच्या खाडीतील जलमार्गाचा विचार करताना हा अनुभव उपयोगी ठरावा. जलवाहतूक वाढली, तर खाडीत प्रवाशांच्या बोटींबरोबर मालवाहू बार्ज, गाळ काढणारी यंत्रे आणि त्यांवर मुक्काम करणारे कामगारही वाढतील. जेट्टीच्या आराखड्यात वाहनतळ आणि तिकीटघर असतेच. त्यात बोटीवर मुक्काम करणाऱ्यांसाठी पाणी आणि शौचालय, तसेच त्यांच्या माणसांना भेटण्यासाठी छपराखाली चार खुर्च्या असाव्यात, ही मागणी फार खर्चाची नाही. मैला आणि सांडपाणी थेट खाडीत न सोडण्याची व्यवस्थाही त्याच आराखड्यात सुरुवातीपासून हवी. नदीकाठाने ही जबाबदारी वेळेवर उचलली नाही तर काय होते, याचा पुरावा शिवमंदिराच्या शेजारून रोज वाहतो आहे.